शॅडो : पिक्सेल २ एक्सएलच्या पडद्याचं प्रकरण

२२ ऑक्टोबर २०१७ला ॲलेक्स डॉबी या पत्रकाराने ट्विटरवर एक फोटो टाकला. ते अँड्रॉइड सेंट्रल या संकेतस्थळासाठी फोनची परीक्षणं लिहीत, त्यामुळे फोन त्यांच्या हाती विक्रीच्या आधीच आला होता. फोटोत गुगलचा पिक्सेल २ एक्सएल होता. पडदा सगळा राखाडी, आणि खालच्या काठाशी एक पुसट पट्टा. मागे जाण्याचं, होमचं आणि ॲप बदलण्याचं अशी तीन बटणं जिथे असतात, नेमकी तिथे ती छाप होती. फोन वापरून झाले होते फार तर सात दिवस. अमेरिकेत विक्री सुरू होऊन तर तीनच.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या धंद्यात या छापेला 'शॅडो' म्हणतात. जुना फोन विकत घेणारा माणूस बॅटरीच्या आधी शॅडोबद्दल विचारतो. दोन-तीन वर्षं दिवसरात्र वापरलेल्या फोनवर ती दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. पण सात दिवसांत? तेव्हा तो फोटो मी मोठा करून करून पाहिला होता. आजही शॅडो पडलेला फोन काउंटरवर ठेवून कुणी विचारतं, "माझं काही चुकलं का हो?" तेव्हा उत्तर देताना मला हेच प्रकरण आधाराला घ्यावं लागतं. तिथे वापरणाऱ्याला काही चूक करायला वेळच मिळाला नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. गुगलने ४ ऑक्टोबर २०१७ला दोन फोन जाहीर केले होते. पाच इंची पिक्सेल २ तैवानच्या एचटीसीने बांधलेला, आणि सहा इंची पिक्सेल २ एक्सएल कोरियाच्या एलजीने. नाव एक, घराणी दोन. एक्सएलचा पडदाही एलजीचाच होता, पी-ओएलईडी जातीचा. यातला 'पी' म्हणजे प्लास्टिक, कारण पडद्याचा पाया काचेऐवजी प्लास्टिकचा असतो. चित्राचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, २८८० गुणिले १४४०, दर इंचाला ५३८. कागदावर काहीच उणं नव्हतं. अमेरिकेत किंमत ८४९ डॉलर.

एलजीने असे पडदे जी फ्लेक्स या वाकड्या फोनांत २०१३पासून वापरले होते, मग मध्ये खंड पडला, आणि २०१७ला व्ही३० या फोनातून ते परत आले. त्या काळात फोनच्या ओएलईडी पडद्यांचा बाजार जवळपास सगळा सॅमसंगच्या हातात होता. त्यामुळे दुसरा पुरवठादार उभा राहावा असं फोन बनवणाऱ्या प्रत्येकाला वाटत असणार, आणि ते साहजिकही आहे. एक्सएलच्या पडद्याबद्दल तक्रारी मात्र शॅडोच्या आधीच सुरू झाल्या होत्या. फोन जरा तिरका केला की निळसर झाक येते, रंग फिकट वाटतात, असं परीक्षण करणारे पहिल्या दिवसापासून लिहीत होते. रंगांच्या फिकटपणात थोडा आवडीनिवडीचाही भाग होता. शॅडोत आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

गुगलचं पहिलं उत्तर ठरावीक होतं : आमची चाचणी कसून होते, या तक्रारीची आम्ही चौकशी करत आहोत. पण पुढचं उत्तर चार दिवसांत आलं, आणि त्यात बरंच काही होतं. दोन्ही पिक्सेल २ फोनांची वॉरंटी जगभर दोन वर्षांची केली. सॉफ्टवेअरमध्ये तीन बदल करण्याचं जाहीर केलं : फोन काही क्षण हाताळला नाही की खालची बटणं मंद होतील, पडद्याचा सर्वाधिक उजेड ५० निट्सने (निट म्हणजे उजेड मोजायचं माप) उतरेल, आणि जास्तीत जास्त ॲपमध्ये खालचा पट्टा काळ्याऐवजी ॲपच्या रंगाशी जुळणारा, फिकट असेल. ज्यांना रंग फिके वाटत होते त्यांच्यासाठी भडक रंगांची एक सोयही येणार होती. हे सगळं सांगताना कंपनीने एक वाक्य जोडलं. त्याचा आशय असा, की आम्ही तपासलं, आणि या पडद्याची झीज इतर महागड्या फोनांच्या ओएलईडी पडद्यांइतकीच आहे.

या वाक्याशी माझं भांडण आहे. पण ते मांडायचं तर पडदा झिजतो म्हणजे काय होतं ते आधी बघावं लागेल.

जुन्या एलसीडी पडद्यात मागे एक दिवा असतो आणि पुढचे पिक्सेल त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. उजेड सगळ्यांचा सामाईक, त्यामुळे झीजही सामाईक. ओएलईडीत मागे दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे स्वतःचे बारीक दिवे असतात, सेंद्रिय रसायनाच्या अतिशय पातळ थरांचे. वीज गेली की तो थर उजळतो. काळं दाखवायचं असेल तर त्या जागेचे दिवे बंदच असतात. म्हणून ओएलईडीचा काळा इतका गडद दिसतो, आणि म्हणूनच त्याला हे दुखणं आहे. ज्या दिव्यातून जास्त वीज जाते तो लवकर म्हातारा होतो. तेवढ्याच विजेवर तो आधीपेक्षा कमी उजेड देऊ लागतो. उजेड वाढवला तर झीज नुसती त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढते. उन्हाने पडदा तापला तर आणखी.

तिघांत निळा सगळ्यांत नाजूक. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, आणि ती सोसणारं टिकाऊ रसायन बनवणं ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे. फोनच्या अनेक पडद्यांत निळा ठिपका हिरव्यापेक्षा मुद्दाम मोठा ठेवतात तो याचसाठी. जागा मोठी असली की रसायनाच्या प्रत्येक कणावरचा भार हलका होतो.

शॅडोला इंग्रजीत 'बर्न-इन' म्हणतात. हा शब्द जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरपासून चालत आलाय, आणि त्याने मोठा घोटाळा केलाय. शब्द ऐकून वाटतं की काहीतरी जळून त्या जागी डाग पडला. गिऱ्हाईकही तसंच बोलतं, "स्क्रीन इथे जळालीय." प्रत्यक्षात कित्येकदा उलट असतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका टॅक्सीवाल्याच्या फोनने दाखवलं. तो साताऱ्याहून पुण्याला भाडी मारतो. फोन पुढच्या काचेजवळ स्टँडला, त्यावर दिवसभर नकाशा चालू, वर ऊन, ब्राइटनेस पूर्ण. फोनचं नाव सांगत नाही, तो कुठल्याही कंपनीचा असता तरी हेच झालं असतं. काउंटरवर फोन ठेवून तो म्हणाला, "दादा, गार्ड तेवढा बदला. गार्डाला डाग पडलाय, पुसून जात नाही."

गार्ड काढला. डाग तिथेच. स्क्रीनशॉट काढून तो माझ्या फोनवर पाठवला. माझ्या फोनवर डाग नाही. म्हणजे दोष चित्रात नाही, पडद्यातच आहे. फोन रात्रभर बंद ठेवला. काही छापा तात्पुरत्या असतात आणि विश्रांतीने जातात, ही गेली नाही. मग सकाळी शटर अर्धं ओढून एकेक रंग पूर्ण पडदाभर लावून पाहिला. लालवर जवळपास काही नाही. हिरव्यावर अगदी पुसट. आणि निळा लावला तसं चित्र स्वच्छ उघडलं. वरच्या भागात गोल कोपऱ्यांचा एक आडवा चौकोन, ज्यात 'पुढे डावीकडे वळा' अशी सूचना येते तो. त्या चौकोनात बाणाची आकृतीसुद्धा दिसत होती.

पण चौकोन काळपट नव्हता. उजळ होता. आजूबाजूच्या निळ्यापेक्षा जास्त निळा.

मी विचार करत बसलो आणि मग लक्षात आलं. सूचनेची ती पट्टी गडद हिरवी असते. हिरव्या पट्टीत निळ्या दिव्यांना काम जवळजवळ नसतं. खालचा नकाशा दिवसा पांढुरका असतो, आणि पांढऱ्यात तिन्ही दिवे जळतात. म्हणजे दोन वर्षं नकाशाखालचे निळे दिवे राबले आणि पट्टीखालचे बसून राहिले. बाण पांढरा, म्हणून तेवढ्या आकारात तेही राबले, आणि उजळ चौकोनात काळपट बाण उमटला.

संध्याकाळी तो फोन न्यायला आला तेव्हा मी त्याला निळा पडदा दाखवला. त्याने जरा वेळ बघितलं. "म्हणजे दादा, डाग इथे नाहीच?"

"नाही ना. डाग बाकीच्या सगळ्या स्क्रीनवर आहे. एवढी पट्टी तेवढी नवी राहिलीय."

घरात पंधरा वर्षं टांगलेली तसबीर रंग काढायला खाली उतरवली की भिंतीवर तिच्या मापाचा चौकोन दिसतो. त्या चौकोनाला कुणी डाग म्हणत नाही. विटलेली असते ती भिंत, आणि चौकोनात मूळ रंग शिल्लक असतो. शॅडोचं तसंच आहे. नजरेला खुपतो तो फरक. अख्खी भिंत सारखी विटली असती तर आपल्याला कळलंही नसतं. म्हणूनच पडदा बनवणारे आयुष्य मोजतात ते उजेड निम्म्यावर यायला किती तास लागले यावर थांबत नाहीत, शंभराचा पंच्याण्णव व्हायला किती तास लागले हेही मोजतात. शेजारीशेजारी दोन जागा असतील आणि मधली कड रेघेसारखी सरळ असेल, तर एक-दोन टक्क्यांचा फरकही डोळा पकडतो. खालच्या पट्ट्याची कड रेघेसारखीच असते.

आता हे डोळ्यांपुढे ठेवून गुगलचे उपाय पुन्हा वाचावेत. तेव्हाच्या कित्येक ॲपमध्ये खालचा पट्टा काळा असे आणि त्यावर पांढरी बटणं. वरचं सगळं पांढरं ॲप राबतंय, खालचा काळा पट्टा आराम करतोय, आणि त्या पट्ट्यात तीन छोट्या आकृत्या दिवसभर एकाच जागी जळताहेत. एका बोटाच्या रुंदीत दोन्ही टोकं! यावर पट्टा फिकट करा हा उपाय पहिल्यांदा ऐकताना उफराटा वाटतो, कारण काळा ठेवला तर झीज वाचेल असंच कुणीही म्हणेल. पण काम झीज वाचवण्याचं नव्हतंच. पट्ट्यालाही बाकीच्या पडद्याबरोबर म्हातारं होऊ द्यायचं होतं. बटणं मंद करणं हा त्याचाच दुसरा भाग. तिन्ही उपायांत पट्टा फिकट करण्याचा उपाय मला सगळ्यांत समजून केलेला वाटतो. ज्यांनी तो सुचवला त्यांना दुखणं नेमकं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

५० निट्स उतरवण्याबद्दल तसं म्हणवत नाही. तर्काने ते बरोबर आहे, वरच्या टोकाला झीज सर्वाधिक असते. फरक डोळ्यांना जाणवणार नाही असं कंपनी म्हणाली, तेही बहुतेक खरं. तरी ८४९ डॉलर मोजून घेतलेल्या वस्तूतला काही भाग, कितीही थोडा असो, विक्रीनंतर काढून घेतला गेला. नोव्हेंबरच्या अपडेटबरोबर हे बदल फोनांवर पोहोचले. ज्यांच्या फोनवर शॅडो नव्हती त्यांच्याही.

आणि आता ते वाक्य : झीज इतरांइतकीच आहे. शब्दशः ते खरं असू शकतं. प्रयोगशाळेत एकेक ठिपका हजारो तास जाळून आलेख काढला तर एलजीचा आणि दुसऱ्या कुणाचा आलेख जवळजवळ येत असतील. पण लोकांची तक्रार आलेखाबद्दल नव्हती. मला शॅडो सातव्या दिवशी का दिसते, असा त्यांचा प्रश्न होता. ओएलईडी झिजतो हे सगळ्यांना मान्य आहे. एक्सएल घेणाऱ्यांनी अमर पडदा मागितला नव्हता. त्यांना दोन-तीन वर्षांनी येणारं म्हातारपण आठवड्यात नको होतं. 'किती झिजतो' याचं उत्तर देऊन 'किती लवकर दिसतं' हा प्रश्न मिटत नाही, आणि हे समजण्याइतके हुशार लोक त्या कंपनीत होते.

तरीही वॉरंटीच्या निर्णयाला मी मनापासून दाद देतो, आणि याचं कारण माझ्या काउंटरवर आहे. बहुतेक वॉरंटीच्या कागदांत 'नेहमीच्या वापरातली झीज' वगळलेली असते. शॅडो ही झीजच. त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर गिऱ्हाइकाला ऐकावं लागतं की तुम्ही वापरलात म्हणून झालं. फोन वापरला म्हणून झालं! मग घेतला कशाला होता? अशी तोंडं पाडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी कर्जाचे हप्ते अजून भरत असतं. अशा वेळी एखादी कंपनी चार दिवसांत उठून म्हणते की शॅडोची तक्रार आम्ही ऐकली, दोन वर्षं आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, तर ते वाक्यातल्या पळवाटेपेक्षा मोठं आहे. पिक्सेल २ एक्सएल भारतात आला तो या सगळ्या गदारोळानंतर, १५ नोव्हेंबरला, ७३,००० रुपयांपासून पुढे. आपल्याकडच्या ज्यांनी तो घेतला त्यांनी निदान माहिती असून घेतला.

या प्रकरणाने बाकीच्यांनाही बोलतं केलं असं मला वाटतं. ३ नोव्हेंबर २०१७ला आयफोन एक्स आला, ॲपलचा पहिला ओएलईडी फोन, पडदा सॅमसंगचा. ॲपलने आपल्या माहितीपानावर सरळ लिहून टाकलं की तिरकं पाहिल्यास रंग थोडे बदललेले दिसतील आणि दीर्घ वापरानंतर पडद्यावर छाप दिसू शकते, हे अपेक्षितच आहे. आधीच सांगितलं की तक्रारीचा सूर बदलतो. सॅमसंगने त्याच वर्षी गॅलेक्सी एस८मध्ये पडद्यावरचं होम बटण मधूनमधून काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची युक्ती केली होती. डोळ्यांना कळत नाही, पण कड एकाच रेघेवर बसत नाही. आपल्या फोनच्या बंद पडद्यावर दिसणारं घड्याळ थोड्या थोड्या वेळाने जागा बदलतं, तेही यासाठीच. आणि २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये बोटाच्या इशाऱ्यांनी फोन चालवायची सोय आल्यावर, ती निवडणाऱ्यांच्या पडद्यावरून ती तीन बटणंच गेली. एक बारीक रेघ उरली. ती सोय शॅडोसाठी आणलेली नव्हती, पण शॅडोच्या दृष्टीने तिच्यासारखा उपाय नाही. एलजीने पुढे एप्रिल २०२१मध्ये फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यूट्यूबवर शॅडो घालवून देणारे व्हिडिओ आहेत. तासन् तास भडक रंग झपझप पडद्यावर फिरवायचे. तात्पुरती छाप असेल तर ती तशीही जाते. खरी झीज असेल तर म्हातारा दिवा रंग दाखवून तरुण होत नाही, उलट उरलेलेही झिजतात. कृपा करून हे करू नका.

टॅक्सीवाल्याने मला हाच प्रश्न विचारला होता. मी त्याला दोन वाटा सांगितल्या. ओरिजिनल फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा पडदा, बसवायचा तर फोनच्या किमतीच्या मानाने परवडणार नाही. स्वस्तातला फोल्डर एलसीडीचा येतो, त्यावर शॅडो पडणार नाही, पण काळा रंग राखाडी दिसेल, फोन थोडा जाड होईल आणि पडद्यातलं बोटाचं लॉक चालायचं बंद होईल. तो म्हणाला, "लॉकशिवाय कसं चालंल? पैशाची ॲप हायत त्यात." मग आम्ही काहीच बदललं नाही. नकाशा दिवसाही रात्रीच्या काळ्या रंगावर ठेवला. फोन काचेवरून काढून एसीच्या जाळीसमोर लावायला सांगितलं, म्हणजे ऊन लागत नाही, वारा लागतो आणि ब्राइटनेसही थोडा उतरवता येतो.

चार-पाच महिन्यांनी तो चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून आला. पिन बदलून झाल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि निळा पडदा लावला. तोही काउंटरवर वाकून बघत होता. चौकोन होता तसाच होता, बाणही होता. वाढलेलं काही दिसलं नाही. "ऱ्हाऊ द्या दादा," म्हणून त्याने फोन उचलला, पिनेचे पैसे दिले आणि बाहेर उभ्या गाडीत जाऊन जाळीसमोरच्या स्टँडला तो अडकवला.